राखीव वनातून लोकवनाकडे : सातारा-सांगली परिसरातील शासकीय वने आणि वनविहार यांचा ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना

महाराष्ट्रातील वनांचा इतिहास आजवर प्रामुख्याने दोन अंगांनी लिहिला गेला आहे. पहिले अंग वसाहतकालीन वनकायद्यांचे व त्यांविरुद्ध झालेल्या लोकलढ्यांचे, तर दुसरे स्वातंत्र्योत्तर काळातील वन्यजीव संरक्षणाचे. या दोहोंच्या मध्ये एक तिसरा धागा आहे व त्याकडे इतिहास अभ्यासकांचे तुलनेने कमी लक्ष गेले आहे. शासनाच्या मालकीच्या वनात विश्रांती, भ्रमंती व आनंद यांसाठी जाण्याचा अधिकार कोणाला होता, तो केव्हा मिळाला आणि त्याची किंमत कोणी मोजली, हा तो धागा होय. आज 'वनपर्यटन' किंवा 'निसर्ग पर्यटन' या नावाने ओळखला जाणारा व्यवहार वरवर पाहता अलीकडचा वाटतो. परंतु त्याची पाळेमुळे जवळजवळ दोनशे वर्षे मागे जातात.

या अभ्यासासाठी सातारा व सांगली हे जिल्हे विशेष उपयुक्त आहेत. सांगली जिल्ह्याचा मोठा भाग पूर्वी सातारा जिल्ह्यातच समाविष्ट होता. १९४९ मध्ये 'दक्षिण सातारा' हा स्वतंत्र जिल्हा अस्तित्वात आला व १९६० मध्ये त्याचे 'सांगली' असे नामांतर झाले. त्यामुळे या दोन जिल्ह्यांचा वनविषयक इतिहास बऱ्याच अंशी सामाईक आहे. पश्चिमेला सह्याद्रीच्या माथ्यावरील अतिवृष्टीची सदाहरित व निमसदाहरित वने, तर अवघ्या काही तासांच्या अंतरावर पूर्वेला पर्जन्यछायेतील उघडे माळ व खुरटी काटेरी झुडपे, अशी टोकाची भौगोलिक विविधता येथे आढळते. महाबळेश्वर, बिळाशी, कोयना, चांदोली, सागरेश्वर आणि कास ही या इतिहासातील महत्त्वाची स्थळे होत.

उद्दिष्टे

१. सातारा-सांगली परिसरातील शासकीय वनांत वनविहाराची कल्पना कशी विकसित होत गेली, याचा कालानुक्रमे आढावा घेणे.
२. वनविहाराचा स्थानिक जनतेच्या चराई, सरपण व वहिवाट यांवर झालेला परिणाम तपासणे.
३. सागरेश्वर अभयारण्याच्या उदाहरणाच्या आधारे शासकीय वन 'सार्वजनिक' केव्हा ठरते, या प्रश्नाचा विचार करणे.

वनविहाराची देशी परंपरा

वनात आनंदासाठी जाणे ही कल्पना इंग्रजांनी या प्रदेशात आणली, असे मानण्याचे कारण नाही. कार्तिक महिन्यातील आवळीभोजन, श्रावणी सोमवारच्या डोंगरावरील यात्रा, कुलदैवताच्या वाऱ्या, नव्या पिकाच्या वेळी शिवारात होणारी जेवणे ही सर्व वनविहाराचीच रूपे होत. मात्र या विहारात देवदर्शन, अन्न व करमणूक यांची फारकत नव्हती. ज्या डोंगरावर यात्रा भरे, त्याच डोंगरावर उरलेले वर्षभर गावची गुरे चरत. देवराईतील झाड तोडू नये हा दंडक होता, पण देवराईत जाऊ नये असा दंडक सहसा नव्हता.

राज्यसंस्थेलाही झाडांचे मोल ठाऊक होते. रामचंद्रपंत अमात्यांच्या 'आज्ञापत्रा'त आरमारासाठी लाकूड मिळवताना रयतेची आंबा-फणसासारखी झाडे बळजबरीने तोडू नयेत, कारण ती लोकांनी लेकरांप्रमाणे वाढवलेली असतात, अशा आशयाची ताकीद आढळते. झाडावर राज्याची गरज आणि रयतेचा जीव या दोहोंचा भार असतो, याची जाणीव त्यात स्पष्ट दिसते. एकोणिसाव्या शतकात हाच तोल बिघडला.

महाबळेश्वर : राज्यकर्त्यांचा वनविहार

कृष्णेचे उगमस्थान म्हणून क्षेत्र महाबळेश्वर हे पूर्वापार तीर्थस्थान होते. १८२४ मध्ये जनरल लॉडविक यांनी या पठारास भेट दिली व तेथील थंड हवेकडे इंग्रज अधिकाऱ्यांचे लक्ष वेधले. मुंबई इलाख्याचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी १८२८ पासून येथे आरोग्यस्थान वसवण्यास चालना दिली. साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह महाराज यांच्याकडून १८२९ मध्ये ही भूमी घेण्यात आली व मोबदल्यात वाई भागातील खंडाळा गाव देण्यात आले. नव्या वसाहतीस 'माल्कम पेठ' हे नाव मिळाले. पुढे ते मुंबई सरकारचे उन्हाळी मुक्कामाचे ठिकाण बनले.

या घटनेचे महत्त्व केवळ एका गिरिस्थानाच्या स्थापनेपुरते मर्यादित नाही. येथे प्रथमच वनभूमीचा एक विस्तीर्ण भाग प्रामुख्याने दृश्य, हवा व भ्रमंती यांसाठी राखला गेला. कड्यांच्या टोकांना 'पॉइंट' म्हटले जाऊ लागले व एल्फिन्स्टन, बॅबिंग्टन, फॉकलंड, कार्नॅक, लॉडविक अशी नावे त्यांना चिकटली. १८८५ च्या सातारा जिल्हा गॅझेटिअरमध्येही महाबळेश्वरचे व तेथील या स्थळांचे सविस्तर वर्णन आहे. तीर्थयात्रेला येणारा भाविक नदीच्या उगमाकडे पाहत असे. नव्या पाहुण्याने कड्यावरून दरीकडे पाहण्यास आरंभ केला. स्थळ तेच राहिले, पण पाहण्याची दिशा बदलली. पाहणारा वर्गही बदलला, कारण हा विहार गोऱ्या अधिकाऱ्यांचा व त्यांच्या पाठोपाठ आलेल्या मुंबईच्या धनिकांचा होता. स्थानिक माणूस तेथे प्रामुख्याने हमाल, माळी, खानसामा व मध विकणारा म्हणून वावरला.

स्वातंत्र्यानंतर महाबळेश्वर सर्वसामान्यांना खुले झाले. तथापि गर्दी व बांधकामे यांचा भार इतका वाढला की, जानेवारी २००१ मध्ये केंद्र शासनाला महाबळेश्वर-पाचगणी परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून घोषित करावा लागला.

राखीव वने आणि बिळाशीचा सत्याग्रह

१८७८ च्या भारतीय वन कायद्याने वनांची राखीव, संरक्षित व ग्रामवने अशी वर्गवारी केली. यांपैकी ग्रामवनांची तरतूद बहुतांशी कागदावरच राहिली आणि राखीव वनांचे क्षेत्र मात्र वाढत गेले. पूर्वी जे चराईचे व सरपणाचे हक्क होते, ते सरकारच्या मर्जीवरील सवलती ठरले. या बदलाचे मर्म ज्यांनी अचूक ओळखले, त्यांत महात्मा जोतीराव फुले यांचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागते. फुले यांचे मूळ गाव सातारा जिल्ह्यातील कटगुण. १८८३ मध्ये लिहून पूर्ण झालेल्या 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथात त्यांनी गावोगावची गायराने व डोंगर जंगल खात्याच्या घशात गेल्यामुळे शेतकऱ्याच्या शेरडामेंढरांना थारा उरला नसल्याची कठोर टीका केली आहे.

१९२७ च्या कायद्याने हीच चौकट अधिक पक्की केली. १९३० मध्ये सविनय कायदेभंगाच्या चळवळीत मिठाला समुद्रकिनारा हवा होता. अंतर्भागातील शेतकऱ्याला मात्र रोज छळणारा कायदा जंगलाचा होता. म्हणूनच महाराष्ट्रात पुसद, संगमनेर, कळवण, चिरनेर अशा अनेक ठिकाणी जंगल सत्याग्रह झाले. तत्कालीन सातारा जिल्ह्यातील व आज सांगली जिल्ह्याच्या शिराळा तालुक्यात असलेले वारणाकाठचे बिळाशी हे गाव त्यांपैकी एक. राखीव जंगलातील सागाचे झाड तोडून त्याच्या खांबावर गावात राष्ट्रध्वज फडकवण्यात आला आणि तो पोलिसांच्या हाती लागू नये म्हणून गावच्या स्त्रियाही पुढे सरसावल्या.

बिळाशीच्या सत्याग्रहाचा अर्थ सामान्यतः स्वातंत्र्यलढ्याच्या संदर्भात लावला जातो व तो योग्यच आहे. वनांच्या इतिहासाच्या दृष्टीने त्याला आणखी एक अर्थ आहे. 'सरकारी' म्हणजे आपोआप 'सार्वजनिक' नव्हे, हे या गावाने कृतीतून सांगितले. सरकारच्या जंगलातील एक साग गावाच्या मध्यभागी उभा राहिला, तेव्हा त्या जंगलावरील मालकीचा प्रश्नच चव्हाट्यावर आला. स्वातंत्र्यानंतर या प्रश्नाचे उत्तर मिळेल, अशी अपेक्षा स्वाभाविक होती.

धरणे, अभयारण्ये आणि रिकामी झालेली गावे

प्रत्यक्षात स्वातंत्र्योत्तर काळात या प्रदेशातील वनांचे चित्र प्रथम धरणांनी बदलले. कोयना धरणाचा शिवसागर आणि वारणेवरील चांदोली धरणाचा वसंत सागर या जलाशयांनी सह्याद्रीच्या दऱ्यांतील अनेक गावे पाण्याखाली नेली. जलाशयांच्या वरच्या उतारांवरील वने पुढे वन्यजीव संरक्षणाखाली आली. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार १९८५ मध्ये कोयना अभयारण्य (सुमारे ४२३ चौरस किलोमीटर) व चांदोली अभयारण्य घोषित झाले. २००४ मध्ये चांदोलीस राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. २०१० मध्ये या दोहोंना मिळून सुमारे १,१६५ चौरस किलोमीटरचा सह्याद्री व्याघ्र प्रकल्प अस्तित्वात आला आणि २०१२ मध्ये कोयना व चांदोली यांचा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीतील पश्चिम घाटाच्या स्थळांत समावेश झाला.

निसर्गाच्या दृष्टीने ही उपलब्धी मोठी आहे, यात शंका नाही. कृष्णा खोऱ्याचे पाणी ज्या वनांवर अवलंबून आहे, ती वने त्यामुळे टिकली. परंतु धरणाने एकदा व अभयारण्याने दुसऱ्यांदा उठवलेल्या कुटुंबांचे पुनर्वसन दीर्घकाळ रेंगाळले. श्रमिक मुक्ती दलाच्या नेतृत्वाखाली धरणग्रस्तांनी व अभयारण्यग्रस्तांनी केलेली आंदोलने या प्रदेशाच्या अलीकडील इतिहासाचा अविभाज्य भाग आहेत.

कायद्यातील एक तरतूद येथे लक्षात घेण्याजोगी आहे. अभयारण्यात प्रवेशाची परवानगी कोणत्या कारणांसाठी द्यावी, याची यादी १९७२ च्या कायद्याच्या कलम २८ मध्ये दिली आहे. अभ्यास, छायाचित्रण, शास्त्रीय संशोधन, पर्यटन आणि आतील रहिवाशांशी कायदेशीर व्यवहार ही ती कारणे होत. पर्यटनाचा उल्लेख तेथे स्पष्टपणे आहे, गुराख्याचा नाही. अभयारण्यातील चराईचा विषय नियमन व निर्बंध यांच्या कलमात येतो, तर राष्ट्रीय उद्यानात चराईस मज्जावच आहे. म्हणजे एकाच पायवाटेवर शहरातून आलेला माणूस हा पाहुणा आणि शेजारच्या गावातून आलेला माणूस हा संभाव्य आरोपी ठरू शकतो. वासोटा किल्ल्याचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. बामणोलीहून शिवसागर जलाशयातून नावेने पलीकडे जायचे, वनखात्याची परवानगी घ्यायची व घनदाट रानातून गड चढायचा, हा आज तरुणांचा आवडता विहार आहे. ज्या पाण्यावरून ही नाव जाते, त्याखाली एकेकाळची शेते आहेत, याची आठवण फार थोड्या प्रवाशांना असते.

सागरेश्वर : माणसांनी उभे केलेले वन

ज्या १९८५ साली कोयना व चांदोली अभयारण्ये घोषित झाली, त्याच वर्षी सांगली जिल्ह्यात आणखी एका अभयारण्याची भर पडली. आजच्या कडेगाव, पलूस व वाळवा तालुक्यांच्या सीमेवरील सागरेश्वर हे ते अभयारण्य होय. त्याचे क्षेत्र अवघे १०.८७ चौरस किलोमीटर. म्हणजे कोयना अभयारण्याच्या चाळीसाव्या हिश्श्याहून किंचित अधिक. तथापि, इतिहासाच्या दृष्टीने त्याचे वेगळेपण आकारावर अवलंबून नाही.

सागरेश्वर हे नैसर्गिक वन नव्हते. पर्जन्यछायेतील, बारमाही पाण्याचा स्रोत नसलेल्या या डोंगरांवर वृक्षलागवड करून ते उभे करण्यात आले आणि चितळ, सांबर, काळवीट यांसारखे बहुतेक वन्यप्राणी बाहेरून आणून सोडण्यात आले. या कामामागील प्रेरणा प्रामुख्याने मोहित्यांचे वडगाव येथील वृक्षमित्र धों. म. मोहिते यांची होती. शासनाने अधिसूचना काढावी आणि गावांनी ती सोसावी, हा नेहमीचा क्रम येथे उलटा झाला. गावाकडच्या माणसाने डोंगर हिरवा करण्याचा ध्यास घेतला, लोकांना व वनखात्याला त्यात ओढले आणि अभयारण्याची घोषणा त्यानंतर आली.

या कामाला परिसराच्या इतिहासाचीही पार्श्वभूमी होती. पायथ्याचे देवराष्ट्रे हे यशवंतराव चव्हाण यांचे जन्मगाव असून अभयारण्यास त्यांचेच नाव देण्यात आले आहे. जवळचे कुंडल हे १९४२ नंतरच्या प्रतिसरकारच्या चळवळीचे प्रमुख केंद्र, तर किर्लोस्करवाडी ही १९१० मध्ये माळरानावर वसलेली उद्योगनगरी. उजाड माळावर काही उभे करता येते, हा अनुभव या पंचक्रोशीला नवा नव्हता. शिवाय सागरेश्वराच्या प्राचीन शिवमंदिर समूहामुळे हा डोंगर लोकांच्या नित्याच्या येण्याजाण्यातला होता. लहानमोठ्या मंदिरांचा हा समूह, कड्यालगत खडकात अंशतः कोरलेले कमळभैरवाचे मंदिर आणि श्रावणातील यात्रा यांमुळे येथील वनविहाराला देवदर्शनाची जुनी जोड कायम राहिली. श्रावणात येणारा भाविक, शाळेची सहल आणि हरणे पाहण्यास आलेले कुटुंब यांच्यात येथे फारसा भेद करता येत नाही. महाबळेश्वरात तीर्थ आणि 'पॉइंट' यांची जी फारकत झाली, ती सागरेश्वरात झाली नाही. डोंगरमाथ्यावरून दिसणारे कृष्णेचे वळण आणि तिच्या दोन्ही काठांवरील उसाचे फड हे दृश्यही परक्या पाहुण्याचे नसून पाहणाऱ्याच्या स्वतःच्या शिवाराचे असते.

मात्र सागरेश्वराचे हे चित्र निव्वळ गौरवाचे नाही. क्षेत्र लहान, पाणी अपुरे व हरणांची संख्या वाढती, यांमुळे हरणे कुंपणाबाहेर पडून भोवतालच्या शेतांत शिरतात. कृष्णेचे पाणी उचलणाऱ्या ताकारी उपसा सिंचन योजनेमुळे या भागात बागायती वाढली. डोंगरावर उन्हाळा आणि पायथ्याशी हिरवा ऊस-मका, अशा स्थितीत जनावर खाली उतरणारच. पिकांच्या नुकसानभरपाईची तरतूद शासनाने केली आहे. परंतु पंचनामा, अर्ज व प्रतीक्षा यांत शेतकऱ्याचा जो वेळ जातो, त्याची मोजदाद भरपाईत होत नाही. रात्रीची राखण हा या गावांनी अभयारण्यासाठी भरलेला अघोषित कर आहे. अभयारण्याच्या प्रवेशद्वारावर पाहुण्याकडून शुल्क घेतले जाते; शेताच्या बांधावर हे शुल्क शेतकरी भरतो.

सागरेश्वरातील हरणे सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात नेऊन तेथील वाघांसाठी भक्ष्य वाढवण्याची योजना अलीकडच्या काळात पुढे आली, ही बाब या दृष्टीने अर्थपूर्ण आहे. लोकांनी उभे केलेल्या छोट्या वनाकडून शासनाच्या विस्तीर्ण नैसर्गिक वनाला काही मिळावे, असा प्रसंग वनांच्या इतिहासात विरळाच म्हणावा लागेल.

कास : पाहुण्यांची गर्दी आणि गावांचा वाटा

सातारा शहराच्या पश्चिमेचे कास पठार हे या इतिहासातील सर्वांत अलीकडचे प्रकरण. जांभ्या खडकावरील मातीच्या पातळ थरात पावसाळ्याच्या उत्तरार्धात उमलणारी रानफुले पूर्वी वनस्पतिशास्त्रज्ञांना व गुराख्यांनाच ठाऊक होती. २०१२ च्या जागतिक वारसा मानांकनानंतर येथे पर्यटकांची रीघ लागली. वाहनांखाली व पायांखाली फुले तुडवली जाऊ लागल्यावर दैनंदिन संख्येवर मर्यादा, ऑनलाइन नोंदणी व शुल्क ही व्यवस्था आली. वनखात्याबरोबर कास, एकीव, आटाळी, कासाणी आदी गावांतील संयुक्त वन व्यवस्थापन समित्यांकडे या कामाचा वाटा देण्यात आला. संयुक्त वन व्यवस्थापनाचे धोरण केंद्राने १९९० मध्ये व महाराष्ट्राने १९९२ मध्ये स्वीकारले होते. कास येथे त्याला रोजगाराचे प्रत्यक्ष रूप मिळाले.

येथेही चराईचा प्रश्न सुटलेला नाही. पठाराला जाळीचे कुंपण घालण्यात आले व गुरांना अटकाव झाला, तेव्हा त्यावर आक्षेप घेतले गेले. गुरांच्या चरण्याने उंच वाढणारे गवत आटोक्यात राहते व लहान फुलझाडांना ऊन मिळते. म्हणून चराई सरसकट थांबवल्यास फुलांचेच नुकसान होण्याचा संभव असतो, असा युक्तिवाद त्यामागे होता. ज्याला अतिक्रमण समजले गेले, तोच त्या सौंदर्याचा एक कारक घटक असू शकतो, हा विचार वनव्यवस्थापनाच्या जुन्या गृहीतकाला छेद देणारा आहे.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१. सातारा-सांगली परिसरात वनविहार ही आयात कल्पना नाही. आयात झाली ती विहार आणि उपजीविका यांची फारकत. तिचा प्रारंभ महाबळेश्वरच्या स्थापनेत दिसतो व तिला कायद्याचे बळ १८७८ नंतर मिळाले.

२. स्वातंत्र्यानंतर विहार करणारा वर्ग बदलला, विस्तारला व लोकशाहीला साजेसा झाला. परंतु ज्याच्या वहिवाटीला मुरड घालून हा विहार शक्य होतो, तो वर्ग बव्हंशी तोच राहिला. १९३० मधील बिळाशीचा प्रश्न चांदोलीच्या विस्थापितांच्या रूपाने पुन्हा उभा राहिला, हा योगायोग मानता येणार नाही. ही दोन्ही स्थळे वारणेच्याच खोऱ्यातील आहेत.

३. वनाचे सार्वजनिकत्व मालकीच्या नोंदीवरून किंवा प्रवेशद्वारावरील गर्दीवरून ठरत नाही. वन उभे करण्यात, राखण्यात व त्याचा तोटा सोसण्यात कोणाचा वाटा आहे आणि लाभात त्याला तेवढाच वाटा मिळतो का, यावरून ते ठरते. या कसोटीवर सागरेश्वर हे परिसरातील सर्वांत लोकाभिमुख वन ठरते. मात्र निर्मितीतील लोकसहभाग तोट्याच्या वाटपात उतरलेला नाही, हे त्याचे अपुरेपण होय.

४. २००६ च्या वनहक्क कायद्याने सामूहिक वनहक्कांना मान्यता दिली आहे. तिच्या प्रकाशात प्रवेश शुल्क, पीक नुकसानभरपाई व चराई यांचा विचार तीन वेगळ्या कचेऱ्यांचे विषय म्हणून न करता एकाच हिशेबाच्या तीन बाजू म्हणून होणे आवश्यक आहे.

सागरेश्वराचा डोंगर ज्यांनी उघडा पाहिला, ती पिढी आता मागे पडत चालली आहे. आज सहलीला येणाऱ्या मुलांना हे वन पूर्वापार असेच होते असे वाटणे साहजिक आहे. ते कोणी व कसे उभे केले आणि त्याच्या कुंपणापलीकडे रात्री कोण जागे असते, हे त्यांना सांगण्याची जबाबदारी या परिसरातील महाविद्यालयांची व इतिहासाच्या अध्यापकांची आहे. स्थानिक इतिहासाच्या अध्यापनाला याहून जवळचा विषय शोधावा लागणार नाही.